नाण्याला लागलेली हळद

माझ्याकडे प्लॅटिनमची सहा नाणी आहेत. अमेरिकेच्या टांकसाळीने २००९ ते २०१४ या काळात दरवर्षी एक अशी काढलेली ही मालिका. त्यातली पाच नाणी हातात आली त्या दिवशी होती तशीच आहेत, गोल पारदर्शक कॅप्सूलमध्ये बंद. पहिलं नाणं मात्र दिव्याखाली तिरकं धरलं की त्यावर केसाएवढ्या बारीक, गोलसर रेघा उमटलेल्या दिसतात. संग्राहकांच्या लेखी ते नाणं बाद. माझ्या लेखी सहांतलं ते एकच असं आहे की जे मी कधीही विकणार नाही. ते का, हे सांगायला जरा लांबून यावं लागेल.

प्लॅटिनम मी पहिल्यांदा पाहिलं ते सांगलीत, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ज्वाला परीक्षा असायची. काचेच्या कांडीच्या टोकाला इंच-दीड इंचाची एक तार बसवलेली असे. ती हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवायची, बर्नरच्या ज्योतीत धरायची, ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा तेच करायचं, आणि मग तिच्यावर क्षार घेऊन रंग पाहायचा. सोडियमचा पिवळाधमक, स्ट्रॉन्शियमचा किरमिजी, पोटॅशियमचा निळ्या काचेतून दिसणारा फिका जांभळा. बाकीच्या मुली रंग बघायच्या. मी तार बघायचे. ती लालभडक व्हायची, आम्लात जायची, परत आगीत जायची, आणि तास संपला की पहिल्यासारखीच राखाडी, मुकाट. प्रॅक्टिकल संपलं की सर तारा मोजून घेत. वर्गात चाळीस जणी आणि तारा चार, त्यामुळे माझ्या वाट्याला ती दहा मिनिटं यायची. त्या दहा मिनिटांत मला या धातूबद्दल जे वाटलं त्यात पुढे फारशी भर पडली नाही, आणि ते उणंही झालं नाही.

पुढे कोल्हापूरला एम.एस्सी. करताना प्लॅटिनमचं क्रुसिबल, म्हणजे पदार्थ तापवायची छोटी मूस, वापरायला मिळालं. ते कुलपात असे, आणि नेताना रजिस्टरमध्ये सही करून, वजन लिहून न्यावं लागे. परत करतानाही वजन. आणखी पुढे लग्न झालं, न्यू जर्सीला आले, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. तिथेही एका कपाटात तेच क्रुसिबल होतं, आणि शेजारी तेच रजिस्टर, फक्त इंग्रजीत. नव्या देशातल्या पहिल्या आठवड्यात ओळखीचं असं मला एवढंच भेटलं होतं.

या धातूचं नाव कसं पडलं ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आजच्या कोलंबियातल्या चोको भागात स्पॅनिश लोक नद्यांच्या वाळूतून सोनं काढायचे. त्या सोन्याबरोबर पांढरे, जड, कशानेही न वितळणारे कण यायचे. त्यांना ते वैतागून ‘प्लातिना’ म्हणायचे. प्लाता म्हणजे चांदी, आणि प्लातिना म्हणजे चिल्लर चांदी, हलकी चांदी. १७४८ साली आंतोनिओ दे उल्लोआ या स्पॅनिश आरमारी अधिकाऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख केला तेव्हा कुठे युरोपातल्या शास्त्रज्ञांचं तिकडे लक्ष गेलं. सोन्यात हे कण मिसळले की घनतेवरून भेसळ पकडणं अवघड होई, म्हणून स्पॅनिश सरकारने ते नदीत फेकून द्यायचं फर्मान काढलं होतं. जो धातू आज कुलपात ठेवतात तो तेव्हा खोटेपणाचं साधन म्हणून पाण्यात टाकला जात होता. याचा मला अजूनही राग येतो. अडीचशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा काय राग, असं नवरा म्हणतो. पण येतो.

त्याची नाणी पाडायचं धाडस पहिल्यांदा रशियाने केलं. उरल पर्वतात भरपूर प्लॅटिनम सापडलं आणि अर्थमंत्री कांक्रिन यांनी १८२८ पासून तीन, सहा आणि बारा रूबलची नाणी काढली. हुम्बोल्टसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने ‘नका करू’ असा सल्ला दिला होता, तरीही. १८४५ मध्ये ती बंद झाली. प्लॅटिनम १७६८ अंश सेल्सियसला वितळतं. त्या काळच्या कुठल्याच भट्टीत ते साधत नव्हतं, म्हणून त्याची भुकटी दाबून, तापवून, ठोकून त्या चकत्या केलेल्या. एका संग्रहालयात मी तीन रूबलचं नाणं पाहिलंय. लोकांच्या हातांतून, खिशांतून फिरलेलं, कडा झिजलेल्या. प्लॅटिनमही झिजतं, हे मी तिथे पाहिलं आणि नंतर विसरून गेले.

आधुनिक काळात गुंतवणुकीचं म्हणून पहिलं प्लॅटिनम नाणं आयल ऑफ मॅनने १९८३ मध्ये काढलं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया मागोमाग आले. अमेरिकेचं ‘प्लॅटिनम ईगल’ १९९७ चं. शुद्धता ९९.९५ टक्के, आणि एका औंसाच्या नाण्यावर दर्शनी किंमत शंभर डॉलर. त्या देशाच्या कुठल्याही नाण्यावर तोवर छापली गेलेली सगळ्यात मोठी रक्कम. आपल्या हिशोबात सांगायचं तर हा औंस म्हणजे १८० ग्रेनच्या जुन्या पक्क्या तोळ्याने बरोबर दोन तोळे आठ मासे. एक गुंजही इकडची तिकडे नाही. हा हिशोब मी पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

बुलियन आणि प्रूफ यांतला फरक इथे सांगायला हवा, कारण सगळी गोष्ट त्या फरकाची आहे. बुलियन नाणं म्हणजे मुळात धातूचा तुकडा. वजन आणि शुद्धता यांची सरकारी हमी त्यावर उमटवलेली, बाकी त्याच्या रूपाचं फारसं कौतुक नाही. एकमेकांवर घासली, ओरखडे पडले तरी भाव तोच. प्रूफ नाणं वेगळ्या निगुतीने घडतं. कोरी चकती आधी चकाकेपर्यंत घासून घेतात. ठशाचा सपाट भाग आरशासारखा करतात आणि ज्या भागातून चित्र उमटणार तो मुद्दाम खरबरीत ठेवतात. मग चकती एकेक करून ठशांमध्ये ठेवायची आणि एकापेक्षा जास्त वेळा दाब द्यायचा, म्हणजे ठशातली बारीकातली बारीक रेघ धातूत उतरते. प्लॅटिनमच्या बाबतीत हे सोपं नाही. दाब पडेल तसा हा धातू अधिकाधिक कडक होत जातो आणि ठसेही लवकर खातो. पण साधलं की जे दिसतं त्याला तोड नाही. चित्र पहाटेच्या दंवासारखं पांढरं, आणि मागचा सपाट भाग असा की सरळ धरला तर तुमचाच चेहरा, जरा कलता केला तर काळाकुट्ट डोह. चांदीच्या प्रूफमध्येही हे दिसतं, पण चांदी हवेतल्या गंधकाने हळूहळू काळवंडते. प्लॅटिनमला हवा काही करत नाही, पाणी काही करत नाही. त्याला धोका फक्त माणसाच्या हाताचा. बोट लावायचं नाही, धरायचंच झालं तर सुती हातमोजे घालून कडांना धरायचं, त्यावर वाकून बोलायचंसुद्धा नाही, कारण थुंकीचा बारीक थेंबही त्या आरशावर दिसतो. आणि पुसायचं तर कधीच नाही. इंग्रजीत संग्राहक एखाद्या नाण्याला ‘क्लीन्ड’ म्हणतात तेव्हा तो त्या नाण्यावरचा डाग असतो. आपल्याकडे स्वच्छ केलेलं भांडं म्हणजे घरच्या बाईचं कौतुक, आणि इथे स्वच्छ केलेलं नाणं म्हणजे त्याची निम्मी किंमत गेली.

सुरुवातीची प्रूफ नाणी मी नुसती चित्रांत पाहत होते. १९९८ ते २००२ या वर्षांत अमेरिकेच्या वेगवेगळ्या प्रदेशांवरून झेपावणारे गरुड त्यांवर होते, न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यापासून वायव्येकडच्या डोंगरांपर्यंत. सुंदर आहेत, पण घ्यावीशी वाटली नाहीत. मग आलं २००९.

त्या उन्हाळ्यात मी अमेरिकेची नागरिक झाले. त्याआधी मुलाखतीत विचारायचे शंभर प्रश्न तेव्हा असायचे, ते पाठ करत होते. त्यातला तिसरा प्रश्न असा होता: लोकांनी स्वतःवर स्वतः राज्य करण्याची कल्पना राज्यघटनेच्या पहिल्या तीन शब्दांत आहे, ते शब्द कोणते? उत्तर: वी द पीपल. मी ते उत्तर रात्री स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि माझ्या तोंडून पुढचं वाक्य भलतंच आलं. ‘आम्ही, भारताचे लोक.’ शाळेतल्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापलेली उद्देशिका, शनिवारी सकाळच्या शाळेत रांगेत उभं राहून म्हटलेली. ‘...संकल्पपूर्वक निर्धार करून’ इथपर्यंत मी न अडखळता गेले. मग गॅस बंद केला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. शपथेच्या दिवशी न्यूअर्कच्या त्या सभागृहात हात वर करून मी जे म्हटलं त्यात आधीच्या देशाची निष्ठा सोडल्याचं स्पष्ट वाक्य आहे. सगळ्यांबरोबर मीही ते म्हटलं. बाहेर आल्यावर नवऱ्याने फोटो काढला. त्यात मी हसते आहे, आणि ते हसू खोटं नाही. पण घरी येऊन भारताचा पासपोर्ट रद्द करायला पाठवण्याचा फॉर्म भरताना पेन जड झालं होतं.

त्याच वर्षी डिसेंबरात टांकसाळीने नवी मालिका सुरू केली. राज्यघटनेच्या उद्देशिकेतली सहा उद्दिष्टं, दरवर्षी एक. टांकसाळीच्या विनंतीवरून सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी त्या सहा उद्दिष्टांवर टिपणं लिहून दिली होती आणि त्यांवरून चित्रं बेतली होती. पहिलं वाक्य, ‘अधिक परिपूर्ण संघराज्य घडवण्यासाठी’. नाण्याच्या मागच्या बाजूला चार चेहरे, निरनिराळ्या वंशांच्या माणसांचे, आणि त्यांचे केस नि वस्त्रं एकमेकांत विणत गेलेली. सुझन गॅम्बल यांनी ते चित्र काढलं आणि फीबी हेम्फिल यांनी शिल्पात आणलं. त्या वर्षी फक्त आठ हजार नाणी निघणार होती. साधं बुलियन प्लॅटिनम नाणं त्या वर्षी निघालंच नाही. किंमत अठराशे डॉलरच्या आसपास. आयुष्यात स्वतःसाठी म्हणून एवढी महाग वस्तू मी घेतली नव्हती. दागिना घ्यायचा झाला असता तर चार जणींना विचारलं असतं. हे कुणालाच विचारलं नाही.

नाणं आलं त्या रात्री सगळे झोपल्यावर मी हातमोजे घालून बसले. समोरच्या बाजूला जॉन मर्केंटी यांनी घडवलेला स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा आहे, अगदी जवळून पाहिलेला, मुकुटाच्या किरणांसकट. पण मी मागची बाजूच बघत होते. त्या विणलेल्या केसांतला नेमका कुठला पेड कुणाचा, हे शोधत राहिले.

पुढच्या वर्षी आई आली. सत्तरीच्या जवळ आलेली, पहिलाच विमानप्रवास, आणि सामानात चार किलो हळद. सांगलीची हळद ही काय चीज आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. देशभरातली हळद तिथल्या बाजारात उतरते, हरिपूरला ती जमिनीतल्या पेवांमध्ये वर्षानुवर्षं साठवत आले, आणि २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आईचं म्हणणं एवढंच की तुमच्या दुकानातली पिवळी पूड म्हणजे हळद नव्हे.

तिला आम्ही लिबर्टी स्टेट पार्कला नेलं. तिथून स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाठमोरा पण जवळ दिसतो. मग बोटीने बेटावरही गेलो. मी उत्साहाने सांगितलं की हा आतून पोकळ आहे, बाहेरची त्वचा तांब्याची आहे, आणि तांब्याचा तो पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाड आहे. माझ्या नाण्याची जाडीही नेमकी तेवढीच, हे तिथे उभी असतानाच माझ्या लक्षात आलं. आख्खी देवता ज्या जाडीच्या पत्र्यावर उभी आहे त्याच जाडीच्या चकतीवर तिचा चेहरा. मी हे आईला सांगत होते, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

“तांब्याची आहे म्हणतेस, मग अशी हिरवी का?”

“उघड्यावर आहे ना. शंभरावर वर्षं झाली. तांबं कळकतं. त्या हिरव्या थरानेच आतलं तांबं टिकलंय.”

“कुणी एकदा चिंच लावून घासली नाही होय हिला?” ती खरोखर हळहळली. आमच्या घरी तांब्याचा हंडा दर शुक्रवारी चिंचेने घासून लखलखीत व्हायचा. आजी घासायची, मग आई, मग मी.

घरी आल्यावर मी तिला नाणं दाखवलं. तिने कॅप्सूल हातात घेऊन वर-खाली केली. “जड आहे गं.” मग डोळ्यांजवळ नेली. “पण चांदीच की ही.”

मी म्हटलं, चांदी नाही, प्लॅटिनम. सोन्यापेक्षाही जड असतं. तिने किंमत विचारली, मी सांगितली, तिने मनात रुपये केले आणि गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “मोडायची वेळ आली तर सराफ कट्ट्यावर घेईल का कुणी?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कसोटीच्या दगडावर ओढून पाहायची ही वस्तू नव्हती, आणि आमच्या सराफाच्या मुशीत ती वितळलीही नसती. शिवाय २००८ मध्ये मार्चला जो धातू औंसाला २,२०० डॉलरच्या वर होता तो ऑक्टोबरात ८०० च्या खाली आलेला मी पाहिला होता. गुंतवणूक म्हणून मी ते घेतलंच नव्हतं, पण तिला ते कसं सांगायचं ते कळेना. सोनं अडीनडीला उभं राहतं म्हणून सोनं. आईच्या हिशोबात ज्याला अडीनडी कळत नाही ते धन कसलं?

त्या वर्षी लक्ष्मीपूजन ५ नोव्हेंबरला होतं, शुक्रवारी. मी ऑफिसातून लवकर आले. आईने चौरंग मांडला होता, कलश, तांदळाच्या राशीवर सुपारी, लाह्या-बत्तासे, धणे-गूळ, तिने पिशवीत दडवून आणलेली वीतभर केरसुणी. माझ्या पुतळ्यांची माळ तिने आधीच चौरंगावर ठेवली होती. ती आजीची. तिच्या तीन लेकींत वाटणी झाली तेव्हा आईच्या वाट्याला सात पुतळ्या आल्या, त्या तिने माझ्या लग्नात मला दिल्या.

“आता ते तुझं नाणं आण.”

मी ते खोक्यासकट आणून ठेवलं. आईने खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“खोक्याला हळदकुंकू वाहू?”

मी खोकं उघडून कॅप्सूल ठेवली.

“काचेतून?” ती म्हणाली. रागाने नाही. तिला खरंच समजत नव्हतं. “अगं, लक्ष्मीला हात लावायचा नाही तर पूजा कशी करायची?”

हातमोजे आणायला मी वर गेले आणि जिन्यातच थांबले. देवापुढे हातमोजे घालून बसायचं, हे चित्र डोळ्यांपुढे येईना. मी तशीच खाली आले, अंगठ्याच्या नखाने कॅप्सूल उघडली, कडांना धरून नाणं तांदळाच्या राशीवर ठेवलं. चार चेहरे वर. आईने विचारलं, “ही चार तोंडांची कोण?” मी म्हटलं, इथले लोक. “बरं,” म्हणून तिने अनामिकेने हळद लावली, मग कुंकू, त्या विणलेल्या केसांवर, चारही चेहऱ्यांना मिळून एक. पूजेच्या आधी तिने संकल्प सोडला होता. ज्या शब्दाने पूजा सुरू होते तोच शब्द आपल्या उद्देशिकेत आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी जाणवलं. हातात अक्षता होत्या, आणि माझ्याकडून त्या टाकायच्या राहून गेल्या होत्या. “टाक की,” आई म्हणाली.

नाण्याला काही होणार नाही हे मला रसायनशास्त्राने माहीत होतं. प्लॅटिनमला हळद चढत नाही. हळदीचा रंग म्हणजे कर्क्युमिन, ते पाण्यात विरघळत नाही पण ॲसिटोनमध्ये सहज विरघळतं. सकाळी उठून, कशानेही न घासता, नाणं ॲसिटोनमध्ये नुसतं बुडवायचं आणि वर काढायचं. मी निश्चिंत झोपले.

सकाळी खाली आले तेव्हा आईने पूजा उचलली होती. चौरंग धुऊन उभा केलेला. पुतळ्यांची माळ पुसून डबीत. आणि नाणं टेबलावर, स्टीलच्या वाटीत.

“धुऊन पुसून ठेवलं बघ. कसं लखलखतंय.”

तिच्या अंगावर सुती इरकल होतं. पदराचं टोक ओलं आणि पिवळं.

मी नाणं खिडकीशी नेलं. कुंकवाची खर आणि सुती धागा, आणि वर तिचा अंगठा. काळ्या डोहावर गोल गोल रेघांचं जाळं पडलं होतं. मी जे बोलले ते इथे लिहायला नको, पण आवाज चढला होता. नाण्याची किंमत पुन्हा सांगितली, या वेळी रुपयांत. आई म्हणाली, “अगं, पुसलं फक्त.” मग दिवसभर ती काही बोलली नाही. दुपारी मी पाहिलं तर ती मागच्या अंगणात तो पदर साबणाने घासत बसली होती.

दोन दिवसांनी गॅरेजचं दार उघडं टाकून मी काचेच्या बशीत ॲसिटोन घेतलं आणि नाणं त्यात सोडलं. अक्षरांच्या पायथ्याशी अडकलेली हळद सुटायला लागली, पिवळ्या धुराची एक रेघ तरंगत वर आली. सुंदर होतं ते. सांगलीच्या मातीतली हळद, पेवात वर्षभर राहिलेली, अमेरिकेच्या घटनेतल्या वाक्यातून सुटून येत होती. दहापट भिंगाखाली पाहिलं तर चित्राच्या खाचांत थोडी अजून होती. आणखी एकदा बुडवलं असतं तर तीही गेली असती. मी बुडवलं नाही. त्या क्षणी का थांबले ते मला सांगता येत नाही. एवढं खरं की घालवता येण्यासारखं तेवढंच होतं आणि घालवावंसं वाटत नव्हतं. रेघा जाणारच नव्हत्या. आगीला, आम्लाला, हवेला न बधणाऱ्या धातूवर माझ्या आईच्या हाताचं वळण कायमचं उमटलं होतं, डावीकडून उजवीकडे, गोल, जसा ती हंडा पुसायची तसं.

नाण्यांच्या प्रदर्शनात एका वयस्कर व्यापाऱ्याला मी ते दाखवलं. त्याने भिंग लावलं, दोन सेकंदांत खाली ठेवलं आणि सौम्यपणे सांगितलं की हे धातूच्या भावात द्या आणि त्या वर्षाचं दुसरं घ्या, मालिका पूर्ण दिसेल. चांगल्या मनाने दिलेला सल्ला होता. मी आभार मानून नाणं परत घेतलं.

बाकीची पाच दरवर्षी घेत गेले. डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता. गव्हाच्या शेतातून उगवणारी, हातावर कबुतर उतरलेली सुगीची देवता. २०१२ चा, बंदुकीबरोबर हातात पुस्तक घेतलेला स्वातंत्र्ययुद्धातला शेतकरी सैनिक, तो माझा सगळ्यात आवडता. शिपायाच्या हातात पुस्तक द्यावं असं ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. २०१३ च्या जानेवारीत अचानक ऑफिसातले लोक मला प्लॅटिनमबद्दल विचारू लागले. कर्जाच्या मर्यादेवरून वॉशिंग्टनमध्ये पेच पडला होता आणि कुणीतरी कायद्यातलं एक जुनं कलम शोधून काढलं होतं. अर्थमंत्र्याला प्लॅटिनमची बुलियन आणि प्रूफ नाणी हव्या त्या किमतीची काढता येतात, असं त्यात खरोखरच आहे. मग एक लाख कोटी डॉलर लिहिलेलं एकच नाणं पाडा आणि सरकारी खात्यात जमा करा, अशी ती सूचना. सरकारने नकार दिला. मला त्या चर्चेचा त्रास झाला. ज्या वस्तूवर ‘आम्ही लोक’ यांचे शब्द लिहितात तिच्यावर वाटेल तो आकडा घालायचा, ही कल्पनाच मला सोसेना.

त्याच सुमारास पुतळ्यांबद्दल वाचताना मला एक गोष्ट कळली. आपण पुतळी म्हणतो ती मुळात व्हेनिसची सोन्याची मोहोर. शेकडो वर्षं व्यापारातून ती आपल्या किनाऱ्याला येत राहिली. तिच्या एका बाजूला व्हेनिसचा राजप्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला आणि दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात येशू. आपल्या बायकांना ते कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांनी त्या आकृत्यांना पुतळ्या म्हटलं, रेशमाच्या दोऱ्यात ओवलं आणि गळ्यात घातलं. पुढे सोनार इथेच त्यांच्या नकला घडवू लागले आणि पुतळीवर लक्ष्मी बसली. माझ्या माळेतल्या सात पुतळ्या इथल्याच घडणीच्या आहेत. मी त्या भिंगाखाली पाहिल्या. चार पिढ्यांच्या गळ्याला घासून लक्ष्मीचा चेहरा जवळजवळ पुसला गेलाय, कमळ तेवढं ओळखू येतं. त्यांना प्रूफ म्हणून कुणी ठेवलं असतं तर त्या माझ्यापर्यंत आल्या असत्या का, हा प्रश्न मनात येतो. कदाचित आल्याही असत्या, कॅप्सूलमध्ये. मी त्या गळ्यात घालते.

असं असूनही मी ती पाच नाणी उघडलेली नाहीत, आणि उघडणारही नाही. कुणी माणसाने इतकी काळजी घेऊन केलेली वस्तू तशीच राहावी यासाठी मीही काळजी घेतली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. वर्षातून एकदा, जानेवारीत, मी सहाही एका ओळीत मांडते आणि आख्खं वाक्य वाचते. मग दुसरंही म्हणते, ते पाठ आहे.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे. प्रवास होत नाही. सांगलीत ती आणि तिला सांभाळायला येणाऱ्या मावशी. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी फोन समईपाशी टेकवून ठेवला, तिला चौरंग दिसेल असा. तिचा चेहरा पडद्यावर अर्धाच येत होता, कपाळ आणि चष्मा.

“नाणं मांडलंस?”

मी फोन जवळ नेला. तांदळाच्या राशीवर चार चेहरे, वर हळदकुंकू.

“हां,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “सकाळी पुसून ठेव गं. मऊ फडकं घे. तेव्हा माझ्याकडनं जोरात पुसलं गेलं.”

चौदा वर्षांत ती पहिल्यांदाच त्याबद्दल बोलत होती. मी म्हटलं, “नाही आई, बरोबर पुसलं होतंस.”

तिला नीट ऐकू गेलं नसावं. ती मावशींना लाह्यांबद्दल काहीतरी सांगू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं ते इरकल कपाटातून काढलं. जाताना माझ्याकडेच ठेवून गेली होती, पदरावरचा पिवळा डाग अजून आहे. नाणं पाण्याखाली धरलं, मग पदराच्या टोकाने पुसलं, डावीकडून उजवीकडे, गोल.